कारणाचा रकाना

“हा रकाना मोकळा का?” अंकुशशेठांनी वहीवर बोट ठेवलं. बोटाला चुना होता, त्यामुळे रकाना मोकळा राहिला नाही.

“कारण सापडलं नाही, शेठ.”

“किती वेळा सापडलं नाही?”

“नऊ.”

“नऊ रविवार!” शेठ खुर्चीत मागे रेलले. “नऊ रविवार एकच माणूस बोंबलतोय की वायफाय तुटतं, आणि आपण नुसती तारीख लिहितोय. पोथी आहे का ही, पारायण करायला?”

अंकुशशेठ म्हणजे आमचे मालक. बार्शीत घरोघरी इंटरनेट देण्याचा त्यांचा धंदा होता. खांबावर चढायला सिकंदर वायरमन होता आणि लोकांचं ऐकून घ्यायला मी. माझ्यापुढे एक फोन, एक संगणक आणि ही वही. वहीत सहा रकाने: तारीख, वेळ, ग्राहक, तक्रार, कारण, निवारण. संध्याकाळी कारणाचा रकाना संगणकात भरायचा, म्हणजे तक्रार बंद व्हायची आणि ते कारण जसंच्या तसं ज्याच्या नावावर कनेक्शन असेल त्याच्या फोनवर जायचं. ही शेठांची शिस्त. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपल्याला काहीतरी कळलंय.

“आणि तो माणूस साधा आहे का?” शेठ पुढे बोलत होते. “सुरवसे कंट्रोलर! तीस वर्षं एसटी स्टँडवर माइक हातात होता त्याच्या. आता रोज संध्याकाळी भगवंताच्या देवळात बसतो. तिथं बसून त्यानं सांगायला सुरुवात केली की अंकुशचं वायफाय पडतं, तर गावाला ऐकायला माइकसुद्धा लागायचा नाही. येत्या रविवारी तू स्वतः जा. सोमवारी मला इथं कारण दिसलं पाहिजे.”

“आणि नाही दिसलं तर?”

“तर माझ्या मेहुणीची पोरगी घरी बसूनच आहे,” शेठ म्हणाले. “तिचा आवाज गोड आहे.”

मला नोकरीला लागून तीन महिने व्हायचे होते. कायम करायचं की निरोप द्यायचा, ते त्याच महिन्यात ठरणार होतं. घरी मात्र मी नोकरी पक्की झाल्याचं कधीच सांगून टाकलं होतं, आणि त्या भरवशावर आईनं स्थळं पाहणं थांबवलं होतं. म्हणजे शेठांच्या मेहुणीची पोरगी या खुर्चीवर बसली की सांगोल्याचा एक डाळिंबवाला आमच्या दारात उभा राहणार, हे मला वहीतल्या आकड्यांइतकं स्पष्ट दिसत होतं. डाळिंबाशी माझं वैर नव्हतं. पण तो माणूस बघायला आला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता: पहाटे किती वाजता उठता?

शेठ गेल्यावर मी सिकंदरला विचारलं, “सुरवश्यांच्या घरी तू काय काय केलंस ते एकदा सगळं सांग.”

“काय नाही केलं ते विचारा, ताई. त्या घरात मी आता जावयासारखा झालोय. गेलो की पुढ्यात सुशीला.” सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, आमच्याकडचा नाश्ता. “राऊटर लोखंडी कपाटामागं होता, म्हटलं लोखंडातनं सिग्नल जात नाही, कपाट समोरच्या भिंतीला सरकवलं. मग काकूंनी त्यो फ्रीजवर ठेवला, तिथनं खाली घेतला. त्याला क्रोशाचं झाकण घातलं होतं, ते काढलं. त्या दिवशी सुशीला मिळाला नाही. फोनमधलं जुनं नेटवर्क काढून टाकलं, पासवर्ड पुन्हा घातला. बॅटरी वाचवायचं बटण बंद केलं. फोन अपडेट केला. वायर नवी ओढली. आता फक्त घर बदलायचं राहिलंय.”

“आणि तू असताना वेग?”

“पळतंय नुसतं! मी असलो की कधी तुटत नाही. रविवारी मी नसतो तेव्हाच तुटतंय.”

लोक आणि त्यांच्या तक्रारी यांचा मला तेव्हाच थोडा अंदाज येऊ लागला होता. ज्याचं वायफाय खरंच बंद असतं तो वेळ सांगत नाही. तो “मघापासून” म्हणतो, “सकाळपासनं” म्हणतो, नाहीतर आमच्या वडिलांचा उद्धार करतो. सुरवसेकाका वेळ सांगत. “लिहून घे पोरी, अकरा वाजून एकवीस मिनिटं. तक्रार क्रमांक दे.” आणि क्रमांक मिळाला की त्यांचा आवाज असा निवायचा, जणू दुरुस्तीच झाली.

मी संगणकावर मागचे नऊही रविवार काढले. ऑफिसात बसून आम्हाला एवढं दिसायचं, की अमुक घरचा राऊटर चालू आहे का, आणि त्याला कोणता फोन जोडलेला आहे. पाच रविवारी राऊटर ठणठणीत चालू, पण काकांचा फोन त्याच्यापासून सुटलेला. तीन रविवारी राऊटरच बंद, आणि त्या आळीत वीज मात्र गेलेली नाही. आणि एका रविवारी राऊटर चालू, फोन जोडलेला, सगळं जागच्या जागी. तरी कॉल तुटला म्हणून तक्रार होतीच. 

पाच, तीन, एक. एका घरात एकाच वेळेला तीन वेगवेगळे बिघाड. मी ते तीन आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि रविवारची वाट पाहू लागले.

रविवारी साडेदहालाच मी गाडेगाव रोडला सुरवश्यांच्या घरी पोचले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते, खिशाला दोन पेनं. भिंतीवर मोठं गोल घड्याळ, त्याच्याखाली टेबलावर पाण्याचा तांब्या आणि तांब्याला टेकवून ठेवलेला फोन.

“ये. तू ती वहीवाली का? कांचन?” काका म्हणाले. “आवाजावरनं मोठी बाई वाटली होतीस.”

काकूंनी सुशील्याची ताटली हातात दिली. “खा आधी. मशीन कुठं पळून चाललंय का! त्या सिकंदरानं माझं झाकण काढायला लावलं. दोन दिवस बसून विणलं होतं, बघ.”

खाता खाता मी सगळं तपासलं. राऊटरचे चारी दिवे हिरवे. राऊटरची पिन लांब वायरीनं स्वयंपाकघरातल्या सुट्या एक्स्टेंशन बोर्डात. फोनवर वायफायची कमान पूर्ण. फोनचा मोबाइल डेटा बंद.

“तो आमच्या योगीनं बंद करून ठेवलाय,” काका म्हणाले. “चालू राहिला तर उगाच संपतो म्हणे. कनेक्शन पण त्याच्याच नावावर आहे.”

योगी म्हणजे त्यांचा मुलगा, योगिराज. बेंगळुरूत नोकरी, सतराव्या मजल्यावर घर, बायको प्रणाली आणि सहा वर्षांची ओवी. दर रविवारी अकरा वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा.

आला. घड्याळाचा काटा आणि योगिराजचा चेहरा एकदमच दिसले. मी वही घेऊन बाजूला, राऊटरजवळच्या खुर्चीत बसले.

पहिली पंधरा मिनिटं दृष्ट लागावी अशी गेली. गुडघा कसा आहे, तिकडे पाऊस आहे का, ओवीनं कन्नडमध्ये म्हटलेली कविता, त्यावर काकूंचं “आणखी एकदा म्हण गं”. एक अक्षर तुटलं नाही. मग योगिराजनं घसा साफ केला.

“बरं अण्णा... त्या विषयाचं काय ठरवलंत? तुम्ही आणि आई इकडे राहायला येण्याचं?”

“गॅसवर काहीतरी आहे,” असं म्हणून काकू उठल्या आणि आत गेल्या. गॅसवर काही नव्हतं. मी मघाशीच बघून आले होते.

“हां, म्हणजे असं आहे योगी,” काकांनी फोन हातात घेतला आणि ते ओट्याकडे वळले. “थांब, इथं आवाज जरा तुटायला लागलाय.”

आवाज तुटत नव्हता. मी समोर पाहिलं. समोरच्या भिंतीला सिकंदरनं सरकवलेलं ते लोखंडी कपाट होतं आणि कपाटाच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा. आरशात मला काकांची पुढची बाजू दिसत होती. त्यांचा अंगठा फोनच्या वरच्या कडेवरून हळूच खाली आला, पडदा सरकावा तसा, आणि वायफायच्या कमानीवर टेकला.

“गेलं!” काका वळले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण सवयीचं, इस्त्री केलेलं. “बघितलंस? तुझ्या डोळ्यांदेखत गेलं! लिहून घे. अकरा एकवीस.”

मी घड्याळ पाहिलं. एकवीसच झाली होती. माणूस वक्तशीर.

“काका, जरा ओट्यावर या,” मी म्हटलं.

ओट्यावर मी त्यांच्या हातातून फोन घेतला, वरून पडदा ओढला आणि कमान पुन्हा लावली. “हे तुटत नाही काका. हे कुणीतरी तोडतंय.”

खिशातलं एक पेन काढून काकांनी पुन्हा खिशाला लावलं.

“आरसा,” मी म्हटलं.

“त्या सिकंदराला सांगत होतो, कपाट हलवू नको,” काका पुटपुटले. मग पायरीवर बसले. “बस. तुला सांगतो. सतरावा मजला! मी एकदा राहून आलोय पंधरा दिवस. खाली बघितलं की माणसं मुंग्यांएवढी, आणि एकही मुंगी ओळखीची नाही. मला नाही जायचं.”

“मग तसं सांगा ना.”

“कसं सांगू? हिला जायचंय! नातीसाठी दोन स्वेटर विणून ठेवलेत. कैरीचं लोणचं घातलंय ते दोन बरण्या. दोघांना दोन बरण्या लागतात का? एक तिकडं न्यायची असणार. हिच्यासमोर मी नाही म्हटलं, तर ही मला काही बोलणार नाही, पण आतल्या आत कुढत बसेल. आणि हो म्हटलं, तर मी मेलो. म्हणून आपलं...” त्यांनी हवेतच अंगठा खाली ओढला.

“आणि तक्रार कशाला करायची मग?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी स्टँडवर येऊन विमान विचारलं. “नोंद नको का? योगी विचारतो, अण्णा, ऑफिसला कळवलंत का? मी क्रमांक सांगतो. पोरी, तीस वर्षं गाडी उशिरा का आली ते मी लिहिलंय. ड्रायव्हर सासुरवाडीला जेवायला थांबला म्हणून कधी लिहिलं नाही. कारण लिहिलं की विषय मिटतो. रकाना मोकळा ठेवला तर वरून माणूस येतो.”

“मी वरूनच आलेय, काका,” मी म्हटलं. “आणि उद्या हा रकाना मोकळा दिसला तर माझी नोकरी जाणार आहे. भरला, तर तो तुमच्या योगीच्या फोनवर जाणार आहे. सांगा, काय लिहू?”

काकांनी हळूच विचारलं, “सोमवारी किती वाजेपर्यंत?”

मला त्यांची दया आली आणि स्वतःचीही. पण पाच या आकड्याचा हिशेब लागला, तरी तीन आणि एक बाकी होते. “काका, तीन वेळा राऊटर बंद पडलाय. तो तुम्ही कसा बंद करत होतात?”

“राऊटर? मी त्याला हात लावत नाही बुवा. शॉक बसतो. तेव्हा आपोआपच गेलं होतं. मला वाटलं देव आहे.”

“चला आत. पुन्हा कॉल लावा. आणि दोन्ही हात टेबलावर, मला दिसतील असे ठेवायचे.”

काकांनी पुन्हा फोन तांब्याला टेकवला. योगिराजनं चौथ्या रिंगला उचलला.

“अरे! लागला का पुन्हा? वा!” तोंडानं वा म्हणाला, डोळ्यांनी नाही. हेही मी मनात लिहून ठेवलं.

“लागला,” काका म्हणाले. दोन्ही हात टेबलावर, शाळेत मास्तरांनी पट्टी मारण्याआधी ठेवतात तसे पालथे.

“मग अण्णा, मघाशी आपण...”

आणि कॉल गेला.

“मी नाही!” काकांनी दोन्ही हात वर केले. “आई शपथ, मी नाही!”

राऊटरचे चारी दिवे विझले होते. भिंतीवरचा पंखा मात्र फिरत होता. मी उठून, वायरीचा माग काढत स्वयंपाकघरात गेले. काकू बोर्डाशी उभ्या होत्या. बोट अजून बटणावर.

“मिक्सर लावायचा होता गं,” काकू म्हणाल्या. “एका बोर्डावर दोन नको म्हटलं, जळायचं मशीन.”

“काकू, मिक्सर तर वरच्या फळीवर आहे.”

काकूंनी वर पाहिलं. मिक्सर खरोखरच फळीवर होता, त्यालाही क्रोशाचं झाकण.

“हळू बोल,” काकूंनी मला हाताला धरून ओढलं. “ह्यांना कळू देऊ नको. मला नाही जायचं तिकडं. मागं गेले होते तर फोडणी दिली की छताला काहीतरी ठणाणा ओरडायचं. मोहरी तडतडायची तिथं चोरी. इथं माझं हळदीकुंकू आहे, भिशी आहे, सकाळी पाच जणी हाक मारून जातात. पण ह्यांना जायचंय ना!”

“कोण म्हणालं?”

“म्हणायला कशाला पाहिजे? डायरीत बार्शी-बेंगळुरू गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्यात ह्यांनी. कुठं बदलायची, कुठं जेवायला थांबते, सगळं. तुला सांगते, जीव लागलाय त्यांचा तिकडं. मी नाही कशी म्हणू? म्हणून ह्यांच्या तोंडातनं हो निघायच्या आत आपलं बटण काढते. तेही रोज नाही हो. बऱ्याचदा आपलं आपणच तुटतं. तेव्हा देवाला दिवा लावते.”

पाचांसाठी काकू देवाचे आभार मानत होत्या आणि तिनांसाठी काका. असा भाग्यवान देव मी दुसरा पाहिला नाही.

“काकू, चालू करा ते बटण आणि बाहेर या,” मी म्हटलं.

दोघांना मी टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं. वही उघडली. आवाज शक्य तितका ऑफिसातला काढला. “तक्रारीचं कारण सापडलंय. एक फोनवर आहे, एक स्वयंपाकघरात आहे. काका, डायरीत बेंगळुरूच्या गाड्या कशाला लिहिल्यात?”

“लिहिल्यात म्हणजे? नांदेडच्या पण लिहिल्यात. जळगावच्या पण आहेत. सवय आहे. तिकडं कोण चाललंय?”

“काकू, लोणच्याच्या दोन बरण्या कशाला?”

“कैऱ्या जास्त आल्या होत्या,” काकू म्हणाल्या. “फेकून देऊ?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तू बटण काढायचीस?” काका म्हणाले.

“आणि तुम्ही काय करायचात?”

काकांनी अंगठा दाखवला. काकूंनी आधी कपाळावर हात मारला, मग तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले तेव्हा मला क्षणभर वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. “मेलं माझं डोकं! आणि मी तुमच्यासाठी गरम बंडी शोधत होते, तिकडच्या थंडीला!”

“लाव आता फोन,” काका ताठ बसले. “मीच सांगतो.” त्यांनी उजवी मूठ तोंडाजवळ धरली, माइक असावा तशी. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. बार्शीहून बेंगळुरूला जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे.”

“असं नका हो सांगू,” काकू म्हणाल्या. “पोराला वाईट वाटेल. मायेनं बोलावतंय.”

तिसरा कॉल लागला. फोन पूर्ण जोडलेला, चारी दिवे हिरवे, चार हात टेबलावर. माझी नजर दिव्यांवर.

“योगी,” काका म्हणाले, “तुझ्या त्या विषयावर आमचं दोघांचं आज पक्कं ठरलंय. ऐक. आम्ही...”

आणि चित्र गोठलं. योगिराजचं तोंड अर्धवट उघडं, डावी भुवई वर, एक हात हवेत. आवाज बंद.

“गेलं!” काका ओरडले, आणि या वेळी खरंच दुखावून ओरडले. “आयला, आज मी सांगत होतो तर गेलं!”

मी दिवे पाहिले. हिरवे. कमान पाहिली. पूर्ण. मग फोनकडे वाकून नीट पाहिलं. योगिराज दगडासारखा गोठला होता, पण त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. मागचा खिडकीचा पडदा हलत होता.

तेवढ्यात मागच्या दारातून ओवी आली. हातात बिस्किट. ती बापासमोर उभी राहिली, खाली वाकून त्याच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, पुन्हा स्टॅच्यू?”

योगिराज हलला नाही. कमाल संयम. बापाचा मुलगा.

ओवीनं बिस्किट टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या काखेत गुदगुल्या केल्या.

एकही सरकारी कर्मचारी इतक्या वेगानं कामाला लागलेला मी पाहिला नाही. योगिराज खुर्चीवरून अर्धा उठला, हसला, ओरडला, आणि मग त्याला आम्ही तिघं दिसलो.

“हॅलो? अण्णा? आता... आता आलं वाटतं नेटवर्क,” तो म्हणाला.

मी मागच्या पानावरच्या ‘एक’ या आकड्यापुढे बरोबरची खूण केली.

“आज्जी,” ओवी फोनमध्ये घुसली, “तू कुठं झोपणार? तुझ्या खोलीत नानी झोपते.”

“कोण नानी?” काकू म्हणाल्या.

“प्रणालीची आई,” योगिराज टेबलाकडे बघत म्हणाला. “चार महिने झाले. त्यांचं पायाचं ऑपरेशन झालं, मग इथंच... मी सांगणार होतो.”

“मग आम्हाला कुठं ठेवणार होतास, टाकीवर?” काका म्हणाले. “आणि खोली नव्हती तर दर रविवारी विचारत कशाला होतास?”

“नाही विचारलं तर तुम्हाला वाटेल, सासूला ठेवून घेतलं आणि आईबापाला साधं विचारलंही नाही. तुम्ही कधी नक्की काही बोलत नव्हता, तुमचं नेटवर्क जायचं. म्हटलं बरंय. पण आज तुम्ही म्हणालात पक्कं ठरलंय...”

“येत नाही हे ठरलंय, गाढवा!”

योगिराजनं डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की फोनच्या स्पीकरमधून खर्रर्र झालं. हे मात्र तांत्रिक होतं.

“थांबा हो तुम्ही,” काकूंनी काकांना बाजूला सारून फोन स्वतःकडे ओढला. “योगी, आपण रविवारी बोलतो तेव्हा विहीणबाई कुठं असतात?”

“आत. म्हणजे... दार लावून.”

“म्हणजे माझ्यामुळं त्या बाईला ऑपरेशनच्या पायानं चार महिने दर रविवारी कोंडलंस?” काकूंचा आवाज चढला. “लाज नाही वाटत? उघड दार! बोलव त्यांना!”

कॉल चालूच राहिला. मी वही मिटून ओट्यावर आले. मागोमाग काका आले आणि पायरीवर माझ्याशेजारी बसले.

“काका, रकाना,” मी म्हटलं. “फोनवर अंगठा, बोर्डावर बोट, आणि तिकडे स्टॅच्यू. हे सगळं लिहिलं तर माझी नोकरी पक्की. पण शेठ वाचणार, आणि शेठनं वाचलं की भगवंताच्या देवळात...”

“इकडं दे.” काकांनी वही मांडीवर घेतली, खिशातलं एक पेन काढलं, मग दुसरं काढलं. मोकळ्या रकान्यात, चुन्याच्या डागाशेजारी, वळणदार अक्षरात लिहिलं: मार्गात अडथळा. दूर केला.

“चालेल हे?”

“तीस वर्षं चाललंय,” काका म्हणाले. “आणि खोटं एकदाही नव्हतं.”

सोमवारी शेठांनी ते वाचलं. “मार्गात अडथळा? कसला?”

“तीन होते शेठ. तिन्ही हलवले.”

“सिकंदरला दिसले नाहीत ते?”

“कपाट त्यानंच हलवलं. त्यामुळेच दिसले.”

शेठ आणखी काही विचारणार होते, तेवढ्यात माझ्या संगणकावर टिंग वाजलं. कारण योगिराजच्या फोनवर पोचलं होतं आणि उलटपावली त्याचा शेरा आला होता. पाचपैकी पाच तारे, आणि खाली लिहिलं होतं: सेवा अतिशय समजूतदार. पाच तारे आमच्या ऑफिसनं तोवर पाहिलेच नव्हते. शेठांनी पडद्याजवळ जाऊन ते बोटानं मोजले. पडद्यालाही चुना लागला.

त्याच आठवड्यात मी कायम झाले. आज त्या गोष्टीला सात वर्षं झाली. फोनपुढच्या खुर्चीवर आता शेठांच्या मेहुणीची पोरगी बसते, आवाज खरंच गोड आहे, आणि मी आतल्या खोलीत बसून तिच्या वहीतले मोकळे रकाने शोधते. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याचं पुढल्याच वर्षी लग्न झालं. बायको पहाटे चारला उठते म्हणतात.

पण सुरवश्यांची नोंद तिथं संपली नाही. पुढच्या रविवारी मी मुद्दाम ऑफिसला आले होते. सव्वाअकरा झाले, अकरा एकवीस झाले, साडेअकरा. फोन वाजला नाही. मी निर्धास्त होऊन डबा उघडला. पावणेएकला वाजला.

“पोरी, तक्रार लिहून घे.” काकांचा आवाज दबका होता, ओट्यावरून बोलत असावेत, शेजाऱ्याच्या फोनवरून.

“पुन्हा तुटलं?”

“तुटतच नाही!” काका कळवळून म्हणाले. “अकराला लावलाय. अकरा दहाला त्या विहीणबाई आल्या, तेव्हापासनं दोघी बोलतायत. गुडघा झाला, लोणचं झालं, आता क्रोशाचे टाके चाललेत. घरात सकाळपासनं सुशीला नाही, चहा नाही. तुम्हाला तिकडनं जरा तोडता येतं का?”

“मला कशाला, काका? तुमचा अंगठा आहे की.”

“फोन तिच्या हातात आहे.”

“मग बोर्डाचं बटण?”

आतून काकूंचं खळखळून हसणं ऐकू आलं, आणि त्याच्यावर कुणा दुसऱ्या बाईचं, बेंगळुरूहून.

“बोर्ड तिनं मांडीवर घेतलाय,” काका म्हणाले. “तक्रार क्रमांक तेवढा दे.”